लिंबाखालचं तण

लिंबाच्या झाडाखाली तण दिसलं आणि कंपाउंडरांना इतका आनंद झाला, की हातातली झारी कलंडून पाणी चपलेत गेलं. एकच रोप होतं. गुबगुबीत, रुंद पानांचं, कुणीही उपटून भिरकावून द्यावं असं. कंपाउंडर मात्र लांबून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत राहिले.

मग त्यांना नवल वाटलं. कारण या वर्षी तिथे तण येणं शक्यच नव्हतं.

शेजारी बाईंची रोपवाटिका होती. मधे कमरेएवढं कुंपण. कंपाउंडरांच्या तणाचं बी वाऱ्याने उडून बाईंच्या कुंड्यांत पडायचं. मग बाई खुरपं घेऊन, तोंडाचा पट्टा चालू ठेवून फाटकातून आत शिरायच्या आणि निंदायला बसायच्या. "तण उगवायच्या आधी टाकायचं औषध मिळतं. तेवढं टाका की वेळेवर!" असं त्या दर वर्षी बजावायच्या. कंपाउंडर दर वर्षी मान डोलवायचे आणि दर वर्षी उशिरा टाकायचे. ते औषध बी फुटायच्या आधी मातीत गेलं तरच उपयोगाचं. एकदा रोपाने मूळ धरलं, की औषध त्याचं काही वाकडं करत नाही. हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मात्र समजू नका. दवाखान्याच्या खिडकीतून लोकांना औषधाच्या वेळा सांगण्यात ज्याचा जन्म गेला, असा माणूस तो. पण उशीर झाला की तण यायचं, तण आलं की बाई यायच्या, आणि बाई आल्या की त्या एकट्याच्या घरात चहा दोन कप व्हायचा. एवढंच त्यांचं पाप.

गेल्या खेपेला बाई गुडघ्यावर हात टेकून कशाबशा उठल्या. "कंपाउंडर, आता नाही हो बसवत मला," म्हणाल्या. चिडून म्हणाल्या असत्या तर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडता आलं असतं. त्या चिडल्या नव्हत्या.

म्हणून या वर्षी त्यांनी सगळं वेळेवर आणि यथासांग केलं. बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. जुनं तण खरवडून काढलं. वारा पडलेली सकाळ निवडली. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. लिहिलंय तेवढंच माप घेतलं, वर एक थेंब नाही. जुन्या झाडांची मुळं खोल असतात, औषध वरच्या थरातच राहतं, तरीसुद्धा लिंबाच्या आणि मोगऱ्याच्या खोडापासून हातभर लांबून फवारलं, पानांवर उडू दिलं नाही. बाईंच्या बियांच्या वाफ्यालगतची पट्टी तशीच सोडली, कारण तणाचं बी कुठलं आणि फुलांचं कुठलं, हे त्या औषधाला कळत नाही. वरून हलकं पाणी दिलं. माती सुकेपर्यंत शेजारपाजारच्या मांजरांना हुसकावत बसले. नंतर खुरपं खुंटीला टांगलं ते टांगलंच, माती उकरली तर केलेलं सगळं वाया. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर असा, निगुतीने.

झाडांची आळी आरशासारखी स्वच्छ राहिली. बाई एकदा कुंपणावरून डोकावल्या, "छान हो," म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुन्हा काही आल्या नाहीत.

पलीकडून पाण्याचा पाइप ओढल्याचा आवाज यायचा, गिऱ्हाइकाशी हुज्जत ऐकू यायची. कंपाउंडर सवयीने दोन कप काढायचे आणि एक परत फळीवर ठेवायचे. त्यांना बाईंची फार आठवण यायची. हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाची अशी आठवण यावी, हे त्यांना स्वतःलाच चमत्कारिक वाटे. हाक मारायची तर कशासाठी? साठी उलटलेल्या पुरुषाला शेजारणीला हाक मारायला काहीतरी कारण लागतं. आणि ते कारण त्यांनी माप घेऊन, हातमोजे घालून संपवलं होतं.

आज ते पुन्हा उगवलं होतं.

"अहो बाई!" ते ओरडले. "तण आलंय!"

बाई आल्या त्या खुरपं आणि ठेंगणं स्टूल घेऊनच. रोपाकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "नीट टाकलं नसणार औषध."

"टाकलं होतं हो. अगदी शपथेवर सांगतो."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

इतकी वर्षं खोटी मान डोलवून निभावलं आणि आज खरं बोललो तर ही गत. कंपाउंडर आत गेले आणि दोन कप चहा घेऊन आले. बाई स्टुलावर बसून सावकाश चहा प्यायल्या. गुडघ्यांना लावायच्या तेलाबद्दल बोलल्या, न जगलेल्या गुलाबाच्या कलमांबद्दल बोलल्या. खुरप्याला त्यांनी हातही लावला नाही. कप रिकामे झाले. आता हे एवढं रोप निघालं की त्या जाणार, हे कंपाउंडरांना दिसत होतं. पण बाईंच्या गुडघ्यांना त्रास नको.

"तुम्ही बसा, मी उपटतो," ते म्हणाले आणि वाकले.

रोप बोटांनी धरताच अलगद वर आलं. त्याच्या मुळांशी बागेतली माती नव्हतीच. कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, छोटासा चौकोनी ठोकळा होता, चारी कडा शाबूत. असे ठोकळे फक्त रोपवाटिकेतल्या ट्रेमधून निघतात.

कंपाउंडरांनी ठोकळ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाईंचं सगळं लक्ष लिंबाच्या शेंड्याकडे होतं.

"लावा ते परत," शेंड्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आजच उपटलंत, तर उद्या मी काय म्हणून येऊ?"