साठ्यातलं चित्र

डोंगराखालच्या बोवेत्स गावातल्या वाचनालयात लोकांनी उघडलेल्या वेबपानांच्या प्रती साठवणारा प्रॉक्सी सर्व्हर नेझा सांभाळायची. त्या साठ्यात डोंगरावरच्या निवाऱ्याच्या कॅमेऱ्याने पाठवलेलं शेवटचं चित्रही होतं. तो कॅमेरा हिमप्रपातात गाडला जाऊन अकरा दिवस झाले होते. निवाऱ्याचा रखवालदार, तिचा धाकटा भाऊ माटिच, त्याच दिवशी बेपत्ता झाला. खालून कुणी चढताना दिसलं की चहाचा दुसरा कप बाकावर मांडणारा माणूस तो.

रोज सकाळी ती ते जुनं चित्र उघडायची. गेले तीन दिवस त्यातलं फावडं जागा बदलत होतं.

"कुणाचा तरी चावटपणा आहे, नेझा," तिचा सहकारी झ्वोने म्हणाला. "सर्व्हरला भोक आहे, त्यातून खोटी प्रत आत सारतात. सुरक्षेचा अपडेट महिनाभर पडून आहे. टाक बघू आता."

"सगळ्या प्रती पुसाव्या लागतील रे."

"मग पूस! किती छळशील स्वतःला?"

तिने मन घट्ट करून साठा पुसला, अपडेट टाकला. भोक बुजल्याची झ्वोनेने दोनदा खात्री केली. सर्व्हरला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी तारही त्याने स्वतः उपटली.

नेझाने सवयीने पान उघडलं.

चित्र आलं. दारापुढचा बर्फ उपसलेला होता. बाकावर माटिचचा निळा कप होता.

झ्वोनेच्या हातातली तार तशीच लोंबत राहिली.

"शोधपथकाला फोन लाव," नेझा म्हणाली. "मी वर निघाले."

बुटांच्या नाड्या बांधून तिने मान वर केली. निळ्या कपाशेजारी आता दुसरा कप होता, आणि त्यातून वाफ निघत होती.