उजवीकडचा ऊस

सात वर्षं प्रयोगशाळेत खपून ऋषिराजनं पिकासाठी नॅनो औषध तयार केलं. ते बाजारात आणायला एक कंपनी तयार झाली, पण आधी तिला शेतात फरक दिसायला हवा होता. म्हणून लोणी भापकर गावातल्या घरच्या रानात डावीकडच्या उसावर औषध आणि उजवीकडच्या उसावर नुसतं पाणी मारायचं ठरलं. फवारणीचं काम वडिलांनी, गेणबांनी, अंगावर घेतलं.

आज दोघं बांधावर उभे असतानाच कंपनीचा फोन आला. दोन्हीकडचा ऊस सारखाच भरलाय, औषधाचा उपयोग नाही, पुन्हा चाचणी होणार नाही.

"आबा, आपलं औषध नापास झालं."

"नापास? येडा का काय तू! उजवीकडचा ऊस पिवळा पडाय लागला व्हता. एका लेकराला दूध पाजायचं अन् दुसऱ्याला नुसतं पाणी, मला काय बघवंना. तुला न सांगता उरलेलं औषध तिकडंबी मारलं. पंधरा दिसांत हिरवागार झाला बघ! काल कंपनीवाल्यांनी कांड्या मोजल्या, तवा माझी छाती फुगली. दोनीकडं तसूभरबी फरक न्हाय!"