जोडीचे रिमोट

"कुमुदताई, तेवढे रिमोट देऊन टाका," वितरकाचा मेहुणा कारखान्याच्या दारातूनच हसत म्हणाला.

ताईंचं डोकं भणाणलं. त्यांच्या कारखान्यातल्या रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या दुकानोदुकानी पोचवणारा वितरक, कीर्तनात पुढे बसून डोळे पुसणारा, ताईंचे पैसे बुडवून, दिवाळं काढून मोकळा झाला होता. गोदामातला माल बँकेने लिलावात काढला, तो याच मेहुण्याने भंगाराच्या भावात उचलला. पण जोडीच्या रिमोटशिवाय गाडी हलेना, आणि दुकानाची मागणी येईपर्यंत रिमोट ताई स्वतःकडेच ठेवत.

"दाजींनीच पाठवलंय. देवमाणूस हो!"

"मग गाड्या देव्हाऱ्यात मांडा आणि दोघं मिळून आरती करा!" ताईंनी पहिला रिमोट टेबलावर ठेवून हातोडा उचलला.

"अहो, तुमच्याच ब्रँडचं नाव आहे त्यावर!"

"म्हणूनच!" ताई कडाडल्या आणि त्यांनी घाव घातला.