दरबाराच्या पडद्यातली जागा

पालीच्या स्टँडवर उतरल्यावर वेणूबाईने आधी नळ गाठला. तोंडावर पाणी मारलं, पदराने कपाळ खसाखसा पुसलं आणि मगच अंबाजी पेंटरचं घर विचारलं.

अंबाजी पडवीत पसरलेल्या पडद्यावर ओणवा होऊन रंगवत होता. राजदरबार. सिंहासन, खांब आणि खांबांमागे उभी प्रजा.

"थळवरून आले," ती म्हणाली. "शिवदासची बायको. आमच्या माणसाला पडद्यावर घ्यायचं हाय."

अंबाजीचा ब्रश थांबला. तिच्या मोकळ्या कपाळाकडे त्याने पाहिलं आणि पाहतच राहिला.

"तुम्ही वेणूबाई?"

"व्हय."

"बसा." त्याने आतून पाण्याचा तांब्या आणला. ती पाणी पिईपर्यंत त्याने नजर हलवली नाही.

थळच्या जत्रेतल्या नाटकाची रीत अशी, की वर्षभरात गावातलं जे माणूस गेलं त्याला अंबाजी दरबारातल्या प्रजेत उभं करायचा. जन्मभर समोरून नाटक पाहिलं, आता मागून पाहा. जिवंत माणूस मात्र पडद्यावर घ्यायचा नाही. एका सरपंचाने स्वतःसाठी जीप पाठवली होती, ती रिकामी परत गेली. जत्रेत दर्शनी पडदा वर गेला की दोन मिनिटं नाटक थांबायचं. राजासुद्धा गप्प उभा. लोक आपलं माणूस शोधायचे, सापडलं की टाळी वाजवायचे. मुंबईच्या गॅलरीत चार रेघांपुढे हात मागे बांधून उभी राहणारी मंडळी याला चित्र म्हणणार नाहीत. न म्हणोत. त्यांच्या चित्रांपुढे कोणी रडल्याचं ऐकिवात नाही.

यंदाचा पडदा शेवटचा होता. पुढच्या वर्षीपासून जत्रा कमिटी एलईडी स्क्रीन लावणार होती. अध्यक्षाला त्यावर हलणारा धबधबा दाखवायचा होता. दरबारात धबधबा. एवढी अक्कल. म्हणजे यंदा जो राहिला, तो कायमचा राहिला.

"कशाने गेला शिवदास?" अंबाजीने विचारलं.

"झोपेत."

"कधी?"

"महिना झाला."

"महिना झाला म्हणता." अंबाजीला ठसका लागला. तो थांबायला वेळ गेला. "शर्ट कोणता दाखवू?"

"निळा. कंपनीचा. पाळी सुटली की तसाच यायचा नाटकाला, हातात डबा. पहिला अंक त्याने उभ्या जन्मात बघितला न्हाय. मीच कानात सांगायचे काय झालं ते. मागची लोकं शिव्या द्यायची आम्हाला."

"पुढे उभा करू?"

"न्हाय, लाजंल. खांबाच्या आडोशाला करा. आणि केस जरा जास्त द्या."

"होते का?"

"लग्नात होते."

अंबाजी हसला नाही. "तोंड हसरं?"

ती विचारात पडली. "उघडं दाखवा. वन्स मोअर वरडताना. आख्ख्या जन्मात तेवढ्यालाच आवाज चढवलान त्याने. माझ्यावर कधी न्हाय." तिने तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "त्याला जागा मिळायला पायजे, अंबाजीभाऊ. बाकी कुठं न्हाय मिळाली त्याला."

"करतो, वहिनी."

"आणि मी आले होते ते कोणाला बोलू नका."

"मी कोणाला बोलणार?" अंबाजी म्हणाला. "सगळे मला येऊन हेच सांगतात."

ती उठली. चारची एसटी गाठायची होती, घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या होत्या.

जत्रेच्या संध्याकाळी वेणूबाई पहिल्या रांगेत होती. तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला आणि मंडप शांत झाला. मग डावीकडे एक टाळी वाजली, मागे दुसरी. कोणीतरी हुंदका दिला.

तिने खांब शोधला. निळा शर्ट. भरघोस केस. तोंड उघडं. अंबाजीने जीव ओतला होता. तिने हात उचलले, पण टाळी वाजेना.

निळ्या शर्टाला खेटून एक बाई उभी होती. तिच्या नाकातली चमकी वेणूबाईला ओळखीची वाटली. तिचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला.

मागे कुजबुज सुरू झाली. कोणीतरी फिसकन हसलं. मग रांगाच्या रांगा उभ्या राहून पहिल्या रांगेकडे वाकून बघू लागल्या. सिंहासनापाशी उभ्या राजाच्या मिशा हलायला लागल्या.

शेजारच्या खुर्चीवर शिवदास टोपी हातात चुरगाळत बसला होता. तो तिच्या कानाशी वाकला.

"वेणू, देवाशपथ," तो पुटपुटला, "मी अंबाजीला फक्त तू मेलीस म्हणून सांगितलं होतं. माझं कोणी सांगितलं?"