न पडलेली भिंत

आडभिंत पडली आणि शाळेचा शिपाई जीवराम तिच्याखाली मेला. असं काही झालेलं नाही.

न झालेली हकिकत अशी. धरणगावची एक शाळा, सन अडुसष्ट, चैत्रातलं ऊन. विज्ञानाचे निर्मलकुमार सर नववीचा वर्ग घेऊन मैदानात आले. 'कार्य' हा धडा होता. शाळेला प्रयोगशाळा नव्हती, पण नवी कोरी भिंत होती. संस्थेचे अध्यक्ष झुलालआबा यांनी ती स्वतः बांधून दिली होती. तीट लावावी तेवढंच सिमेंट होतं.

सरांनी वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराला, लोटनला, भिंत ढकलायला लावली. लोटन ढकलून ढकलून लाल झाला.

"पाहा. बल आहे, विस्थापन नाही. म्हणून कार्य शून्य."

"सर, आणि हा घाम?"

"घाम परीक्षेत विचारत नाहीत."

"अजून जोर लावू?"

"लाव. बैलजोडी जुंपलीस तरी उत्तर तेच."

लोटननं खांदा लावला. भिंत गेली.

सरांनी आधी पुस्तकात पाहिलं. मग धूळ बसली. पलीकडे सावलीला जीवराम भिंतीला टेकून बसला होता, त्याचा एक पाय दिसला. वर कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, म्हणजे शाळेची घंटा, जरा वेळ नुसताच हलत राहिला. तास संपला, पण ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. वर्ग तसाच उभा.

"सर," लोटन म्हणाला, "आता उत्तर काय?"

उत्तर झुलालआबांनी दिलं. "तुमच्या पुस्तकात भिंत हलते का, सर?"

"नाही, आबा."

"मग हललीच नाही. जीवराम ऊन लागून गेला. तसं लिहून द्या. नाहीतर लिहा, भिंत पडली. मग फौजदार विचारेल, पाडली कोणी?"

सरांनी लोटनकडे पाहिलं. त्याच्या तळव्यांना अजून चुना होता.

जीवरामची बायको भागाबाई शाळेच्या पायरीशी बसली होती. ती रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "भित पडनीच नई, ते मना धनी कसाना खाले दबना, सर?"

सरांनी कागद पुढे ओढला. लिहायला बसले. आबांनी सांगितलं तसंच लिहिलं: भिंत पडलेली नाही, शिपाई ऊन लागून गेला, कोणाही विद्यार्थ्याचा संबंध नाही. सही केली. आबांनी मान हलवली आणि चहा मागवला.

मग सरांनी सहीखाली आणखी दोन ओळी घातल्या.

"वर्ग अद्याप मैदानात खोळंबला आहे. तरी सदर भिंत जागेवर उभी असल्याने, तिला टेकून बसलेले शिपाई जीवराम यांना तासाची घंटा देण्याकरिता तातडीने परत पाठवावे, ही नम्र विनंती."