दुसरी नळी

काचवाल्याने माशांच्या आठ फुटी टाकीच्या तळाची काच बाकावर आडवी टाकली आणि खिशातून पेन काढलं. "पाणी खाली जायला किती होल मारायचे ते आत्ताच सांगा. टाकी एकदा चिकटवली, की मग मी हात लावणार नाही."

धाकट्या साडूने थोरल्या साडूंकडे पाहिलं. "दादा म्हणतील तसं. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

कळत नाही आणि घेतोय आठ फुटी! अकरा वर्षं थोरले मासे पाळत होते. सासरचं कुणीही घरी आलं, की आधी त्यांच्या चार फुटी टाकीपुढे बसायचं, मग चहा. तीन महिन्यांपूर्वी या पठ्ठ्याने तिथेच बसून मासे पाहिले आणि ठरवलं, आपल्यालाही हवेत. बरं, हवेत तर घे बापड्या एखादी दोन फुटी. पण नाही! आणि काल जेवताना थोरल्यांची स्वतःची लेक म्हणाली, "बाबा, काकांची टाकी आली की सुट्टीभर आपण तिकडेच राहू." बायको हसली. थोरले ताटावरून उठले. जळत होते ते, अगदी सरळसरळ जळत होते.

धाकट्याने फोन पुढे केला. "हे बघा ना, काठावर अडकवून पाणी खाली उतरवायचा डबा मिळतो. काचेला होल मारायलाच नकोत."

"त्यात हवा शिरली की पाणी खाली यायचं थांबतं, आणि पंप मात्र वर ढकलतच राहतो, मग टाकी ओसंडते. ते खूळ काढ डोक्यातून," थोरले म्हणाले. इथवर ते अगदी खरं बोलले.

"मग होल. एक की दोन?"

झोपेतून उठवून विचारलं असतं तरी थोरल्यांनी उत्तर दिलं असतं. दोन. प्रत्येक होलला एक नळी; पहिल्या नळीने वरच्या टाकीतलं पाणी खाली कपाटातल्या छोट्या टाकीत गाळायला उतरायचं, आणि पंपाने ते पुन्हा वर चढवायचं. दुसरी नळी दोन बोटं उंच ठेवायची. ती कोरडीच राहते. पण एखादी गोगलगाय पहिल्या नळीत जाऊन बसली, तर त्या दिवशी ही दुसरीच घर वाचवते.

"एक," थोरले म्हणाले. "एक पुरे."

तोंडातून निघून गेलं, आणि मग बरंही वाटलं. डोळ्यांपुढे सगळं दिसायलाच लागलं. रविवारची सकाळ. धाकट्याचा फोन, "दादा, असाल तसे या, घरभर पाणी झालंय!" आपण सावकाश जातो. बाही वर करतो. नळीतली गोगलगाय दोन बोटांनी बाहेर काढतो. सगळे आपल्या तोंडाकडे बघताहेत, लेकसुद्धा. आठवड्याभरात आठ फुटी विकायला निघते.

"एक म्हणजे झटपट होईल," धाकटा खूश झाला.

काचवाल्याचं पेन काचेवर टेकलं नाही. त्याने चष्म्यावरून थोरल्यांकडे पाहिलं. "साहेब, तुमच्या चार फुटीला मी दोन मारले होते. तुम्हीच हट्ट धरला होता. हिला एक?"

थोरल्यांचे कान तापले.

"अहो काका," धाकट्यानेच त्यांची बाजू घेतली, "दादांनी काहीतरी विचार करूनच सांगितलं असणार. तुम्ही मारा एकच."

आता हा भांडला असता, शंका काढली असती, तर थोरल्यांना चार गोष्टी ऐकवता आल्या असत्या. हा तर डोळे मिटून मान डोलावत होता. थोरल्यांच्या डोळ्यांपुढे तीच रविवारची सकाळ पुन्हा आली. या वेळी त्यात मेहुणीचं नऊ महिन्यांचं पोरही होतं. टाकीखालच्या कपाटात पंपाचा प्लग, फरशीभर पाणी, आणि त्या पाण्यात हात आपटत खिदळत रांगत निघालेलं पोर.

"दोन!" ते जवळजवळ ओरडलेच. "दोन मारा. चुकलं माझं."

धाकट्याने लगेच बायकोला फोन लावला, तोही स्पीकरवर. "अगं, मी एकावर भागवणार होतो. दादांनी दोन मारायला लावले."

"म्हणून तर म्हटलं, भाऊजींना घेतल्याशिवाय जाऊ नका," मेहुणीचा आवाज दुकानभर झाला. "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून हो! पोरगं घरभर रांगतं, मला बाई धाकधूकच होती."

"असू दे, असू दे," थोरले पुटपुटले. अकरा वर्षांत मेहुणीने त्यांचं एवढं कौतुक केलं नव्हतं. कुठे तोंड लपवावं ते त्यांना कळेना.

काचवाल्याने दोन खुणा केल्या, त्यांच्याभोवती मऊ मातीची कडी बसवली आणि पाण्याचा मग थोरल्यांच्या हातात दिला. काच तापून तडकू नये म्हणून कड्यात बारीक धार धरायची, एवढंच काम. पहिला होल नीट पडला. दुसऱ्याच्या वेळी थोरल्यांची धार काही केल्या कड्यात पडेना. पाणी काचेवरून बाकावर, बाकावरून त्यांच्याच चपलांवर उतरायला लागलं.

"हात आवरा, साहेब," ड्रिल न थांबवता काचवाला म्हणाला. "सगळं बाहेर यायला लागलंय."