देठं मोडलेल्या मिरच्या

मल्सुन मागच्या खोलीत दार लावून मिरच्यांची देठं मोडत बसली होती. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच आईशी लबाडी करत होती, आणि हात कसे भराभर चालत होते. मिरच्या बाजारातल्या, भट्टीत वाळवलेल्या. भट्टीतल्या मिरचीचं देठ हिरवंच राहतं, उन्हातल्या मिरचीचं पिवळं पडतं. मिरचीसाठीच ओळखल्या जाणाऱ्या यंगयांगमध्ये हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाजारातली बाई हसलीच होती, की पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आणि तू पिकवणारी विकत घ्यायला आलीस?

घरच्या मिरच्या यंदा जेमतेम दहा किलो झाल्या. ऑगस्टभर पाऊस. मल्सुनने खालून शेकलेल्या उबदार जमिनीची आपली खोली मिरच्यांना दिली आणि स्वतः ओसरीवर झोपली. एकेक मिरची उलटली, पुसली, ऊन दिसलं की अंगणात नेली. मग आई म्हणाली, सगळ्या सोल शहरात तुझ्या भावाकडे, ग्युतेकडे पाठव. दरवर्षीसारखंच. पांढरे डाग पडलेल्या तेवढ्या घरात ठेवायच्या.

मल्सुन जन्मली तेव्हा, मुलगी झाली म्हणून, दारावरच्या दोरीत कोळसा बांधला होता. धाकटा ग्युते झाला तेव्हा, मुलगा म्हणून, लाल मिरच्या. नवरा गेल्यापासून सव्वीस वर्षं मल्सुन आईजवळ राबत होती, पण घरातल्या चांगल्या मिरच्या ग्युतेच्याच. यंदा तिला त्या हव्या होत्या. आपल्या हातच्या मिरचीची आंबवलेली चटणी एकदा तरी आपल्या रांजणात घालायची होती.

देठं का मोडलीस, असं आईने विचारलं. भावजयीचे हात दुखतात म्हणून, असं सांगून मल्सुनने खोकं रवाना केलं.

आठवड्याने ग्युतेचा फोन आला. "आई, तुझ्या उन्हाची चव कुठेच नाही बघ. बरी आहेस ना?" आई पंधरा मिनिटं बोलत राहिली. फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले.

मल्सुनला राहवलं नाही. "त्या बाजारच्या होत्या, भट्टीतल्या. तुझ्या लाडक्याला काडीचं कळत नाही. घरच्या मी ठेवून घेतल्यात."

आई ओरडेल म्हणून तिने उत्तरं तयार ठेवली होती. आई डागाळलेल्या मिरच्या निवडत राहिली. म्हणाली, त्याला कळणार कसं, तो खोकं उघडतच नाही. इमारतीच्या वॉचमनला देऊन टाकतो. नऊ वर्षांपूर्वी वॉचमनच्या बायकोनेच खोक्यावरच्या नंबरवर फोन करून आभार मानले होते.

मल्सुनला आपल्या ओसरीवरच्या ओल्या रात्री आठवल्या. "मग चांगल्याच कशाला पाठवायच्या?"

"वॉचमन तारीफ करतो, तेव्हा ग्युतेला आई आठवते. मग तो फोन करतो."

मग मला का नाही, एक मूठभर तरी, असं मल्सुनने विचारलं.

आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आईला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

"तुला कशाला? तू काय, इथेच असतेस."